रिअ‍ॅक्टिव्ह

मोताळ्यात मी रक्ततपासणीचं कलेक्शन सेंटर चालवते. इथे लोक आकड्यांना भीत नाहीत, जाड ठशातल्या शब्दाला भितात. उन्हाळ्यात एक गृहस्थ हातात कागद नाचवत आत आले. “ताई, आमच्या वहिनीले कावीळ हाय म्हनते ह्या कागदावर. पन डोये तर पांढरे फटक हायेत!”

कागदावर ‘अँटी-एचएव्ही टोटल : रिअ‍ॅक्टिव्ह’ असं होतं.

वहिनींची मुलगी बारावी होऊन पुण्याला होस्टेलवर निघाली होती. मेसचं खाणं, बाहेरचं पाणी, म्हणून डॉक्टरांनी हिपॅटायटिस ‘ए’ची लस सुचवली. सरकारी लसीकरणात ‘बी’ची लस आहे, ‘ए’ची नाही. आधी प्रतिपिंडं तपासा म्हणाले. असतील तर लशीचा खर्च वाचतो. मुलगी सुई बघूनच खुर्चीतून उठायला लागली, तेव्हा आईने बाही वर केली. “पयले माहं काढा. मंग पोट्टी आपसूक बसते.”

पिवळ्या टोपीच्या दोन ट्यूब भरल्या. अर्धा तास रक्त साकळू दिलं, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं. खाली लाल गोळा, मध्ये जेलचा थर आणि वर करडईच्या तेलासारखं सिरम. काविळीच्या पेशंटचं सिरम गर्द पिवळं दिसतं. ही दोन्ही फिकट होती. बर्फाच्या पेटीत बसून राजूर घाट चढून ती बुलढाण्याला गेली. मुलीचा रिपोर्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला, आईचा रिअ‍ॅक्टिव्ह.

दिरांना बसवलं, पाणी दिलं. आत्ता कावीळ आहे का हे ‘आयजीएम’ सांगतं. ते आजारात चढतं आणि साधारण सहा महिन्यांत ओसरतं. ‘आयजीजी’ मात्र जन्मभर राहतं. टोटल टेस्टमध्ये दोन्ही एकत्र मोजतात, म्हणून नुसता हा शब्द बघून काही ठरत नाही. वहिनींना ताप नाही, उलटी नाही, एसजीपीटी आणि बिलिरुबिनही नॉर्मल. डॉक्टरांनी तेच सांगितलं : आजार होऊन गेलाय, आता तो पुन्हा होणार नाही.

“पन तिले तर कधी कावीळ झालीच नाही!”

झाली असणार, दिसली नाही. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांचे डोळे पिवळे होतच नाहीत. मोठेपणी हाच विषाणू गाठतो, तेव्हा दहातल्या सातांहून अधिक जणांना कावीळ उठते. वहिनी नळगंगेच्या काठच्या गावात वाढलेल्या, नदीतल्या झिऱ्याचं पाणी प्यायलेल्या. मुलगी घरच्या फिल्टरवर वाढली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत डॉ. विद्या अरणकल्ले यांच्या गटाने १९८२ ते १९९८ या काळातले रक्तनमुने तपासले, तेव्हा सुखवस्तू घरांत लहानपणीची ही लागण कमी होत चालल्याचं दिसलं होतं. आता तेच आमच्या तालुक्याच्या गावातही दिसतं. त्यात लग्नाकार्यात थंड पाण्याचे कॅन येतात. गारव्याने विषाणू मरत नाही, हे कोणाला पटत नाही.

दिरांना तरी कुठे पटलं होतं! काविळीची माळ घालावी का, असं ते हळूच विचारून गेले. माळेचे ओले देठ वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. लोकांना वाटतं कावीळ उतरली. ‘ए’ची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, त्यामुळे श्रेय माळेला जातं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, इतकंच.

मुलीने पहिला डोस घेतला, दुसरा संक्रांतीला आली तेव्हा. नंतर पुण्याहून फोन : “ताई, आता परत टेस्ट करू का? प्रतिपिंडं आली का ते कळेल.” मी नको म्हटलं. लशीने तयार होणारी प्रतिपिंडं खऱ्या लागणीच्या मानाने कमी असतात. नेहमीच्या टेस्टला ती कधीकधी सापडत नाहीत आणि माणूस सुरक्षित असूनही रिपोर्ट नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह येतो. आलेली टेस्ट परत पाठवणं आमच्या धंद्यात बसत नाही, पण तिला उगाच घोर कशाला लावायचा?