केव्हां आणि कां

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांची एक कायमची तक्रार आहे. ते म्हणतात, "लोक माझ्याकडे दुखणें घेऊन येत नाहींत, दुखण्याचें नांव घेऊन येतात." पोटांत कोठें दुखतें, जेवणाआधीं कीं जेवणानंतर, असें विचारावें, तर उत्तर मिळतें, "डॉक्टर, पित्त झालें आहे." त्या पित्ताच्या आड दडलेला खरा रोग हुडकण्यांत त्यांचा निम्मा वेळ जातो. ही तक्रार ऐकून मी पूर्वीं मनमोकळेपणानें हंसत असें. हल्लीं हंसूं येत नाहीं. कारण अशाच एका रोग्याची हकीकत मला फार जवळून ठाऊक आहे. रोगी म्हणजे माझी जुनी जीप, आणि तिच्या वतीनें बोलणारा शहाणा नातेवाईक म्हणजे मी!

जीप लष्करी, १९४४ सालची. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंतील विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. महायुद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्या कितीएक जीपा हिंदुस्थानांत खेड्यापाड्यांपर्यंत जाऊन पोहोंचल्या. आणि १९४७ पासून महिंद्रांनीं मुंबईंत विलिसच्या जीपा जुळवावयास आरंभ केला. माझी जीप मात्र खास युद्धकाळांतली. एका मळ्यांतल्या गोठ्यामागें ती गंजत पडली होती. चार सिलिंडरांचें, साठ अश्वशक्तीचें इंजिन. वीज अवघी सहा व्होल्टची. आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीं. बसण्याची गादी उचलावी तेव्हां टाकीचें झांकण दृष्टीस पडतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. मी ती ठेवली नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं तिचें इंजिन उघडून पुन्हा नीट बांधून दिलें. रंगाचें काम मात्र मीं हौसेनें स्वतःकडे घेतलें. लष्करी हिरवा रंग! तो मीं पत्र्याला दिला, सांध्यांना दिला, कोणाच्या दृष्टीस कधींच पडणार नाहींत अशा आंतल्या भागांनाही एकाऐवजीं दोन हात दिले. गाडी उन्हांत उभी राहिली, तेव्हां मला ती आपल्याच कर्तृत्वाचा पुतळा वाटूं लागली.

पहिल्याच रविवारीं टाकी कांठोकांठ भरून मी पन्हाळ्यास निघालों. वाघबिळाच्या आसपास चढ लागला आणि इंजिन बंद पडलें. वीस मिनिटें झाडाखालीं बसलों. मग कळ दाबतांच तें असें सुरू झालें, कीं जणूं कांहीं घडलेंच नव्हतें. पुढच्या रविवारीं तेंच, त्याच्या पुढच्या रविवारींही तेंच.

इंजिनाला मुख्यतः पेट्रोल, हवा आणि ठिणगी हीं तीन लागतात, एवढें ज्ञान मला पुस्तकांतून झालें होतें. त्याच पुस्तकांत मला कंडेन्सर भेटला. अंगठ्याच्या पेराएवढा हा भाग तापला म्हणजे कधीं कधीं दगा देतो; ठिणगी दुबळी होते, गाडी थांबते; तो निवला कीं पुन्हा चालूं लागते. माझ्या गाडीचेंच वर्णन! मी मिस्त्रींकडे गेलों आणि म्हणालों, "मिस्त्री, कंडेन्सर गेला आहे."

त्यांनीं विचारलें, "एकदम बंद पडतीया, का आचके देत देत, साहेब?"

"एकदम," मीं ठोकून दिलें. खरें सांगावयाचें तर मीं तिकडे लक्षच दिलें नव्हतें. पण पुस्तकांत ठिणगी गेली म्हणजे इंजिन एकदम बंद पडतें, असें म्हटलें होतें.

मिस्त्रींनीं तासभर इंजिन चालू ठेवलें. तें थांबलें नाहीं. ते म्हणाले, "कवा कवा बंद पडतीया, तेवढं वहीत लिवून आणा. मग बघू." एवढा धीर माझ्याजवळ कोठला? माझ्या आग्रहावरून त्यांनीं नवा कंडेन्सर घातला. गाडी पुन्हा बंद पडली. कॉइल बदलली; पुन्हा तेंच. तेव्हां त्यांच्या हाताखालच्या पोरांसमोर मी बोलून गेलों, "नव्याच्या नांवाखालीं जुना माल घातलात वाटतें!" ते कांहीं बोलले नाहींत. पान्हा घेऊन त्यांनीं तो कंडेन्सर काढला, माझा जुना परत बसविला आणि पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.

पुढें मी दुसरीं गॅरेजें धुंडाळलीं. एकानें कार्बुरेटरमधला कचरा काढला. दुसऱ्यानें ए. सी. पंपाचा पडदा बदलला. तिसऱ्याच्या मतें पेट्रोल नळींतच उकळून त्याची वाफ होत होती. त्यानें नळीला ओलें फडकें गुंडाळावयास सांगितलें. ज्याला जो रोग ठाऊक, तो त्यानें बरा केला. माझ्या गाडीचा तेवढा शिल्लक राहिला. शेवटीं थकून मीं वही घातली.

दोन महिन्यांत त्या वहीनें मला खोटें पाडलें. थंडीच्या पहांटे आणि भर दुपारीं गाडी सारख्याच अंतरावर थांबत होती; म्हणजे उष्णतेचा दोष नव्हे. ती एकदम थांबत नव्हती. आचके देत, गुदमरल्यासारखी थांबत होती. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही, कीं टाकी भरलेली असली म्हणजेच हें घडे. अर्ध्या टाकीवर कधींच नाहीं! सहलीला मी टाकी भरून निघत असें, आणि मिस्त्रींकडे गाडी नेई ती परत आल्यावर, उरल्यासुरल्या पेट्रोलावर. त्यांच्या दारांत ती कां थांबली नाहीं, याचा उलगडा आतां झाला.

एकदां अशीच ती थांबली असतां गादी उचलून मीं टाकीचें झांकण फिरविलें. सूंऽऽ करून हवा आंत शिरली, आणि इंजिन तत्काळ सुरू झालें. पंप जेवढें पेट्रोल ओढून घेतो तेवढी हवा टाकींत यावयास हवी. त्यासाठीं झांकणांत एक बारीक वाट असते. ती बुजली म्हणजे टाकींत पोकळी होते आणि पंपाचें कांहीं चालत नाहीं. टाकी भरलेली असली म्हणजे आंत हवा थोडी, म्हणून पोकळी लौकर होते. वीस मिनिटांत कडेनें थोडी हवा झिरपे, आणि मी समजें, इंजिन निवलें! ती वाट कोणीं बुजविली होती? माझ्या हिरव्या रंगाच्या दुसऱ्या हातानें. इतके दिवस मी त्या दोषावरच बसून गाडी हांकीत होतों.

तें झांकण घेऊन मी उद्यमनगरांत गेलों. पोरें कामांत होतीं. त्यांच्यासमोरच बोललों होतों, म्हणून त्यांच्यासमोरच म्हणालों, "मिस्त्री, चूक माझी होती. तुम्हांला मीं खोटीच माहिती दिली, आणि वर दोषही दिला." त्यांनीं झांकण उजेडाकडे धरलें, बारीक तारेनें रंग टोकरून काढला आणि फुंकर मारून पाहिली. मग उठून फळीवरची एक काड्याची पेटी आणली. आंत कंडेन्सर होता.

"ह्यो बी चांगलाच हुता, साहेब," एवढेंच ते म्हणाले.

मीं त्याचे पैसे दिले. त्यांनीं ते मोजून घेतले आणि जीपचें बॉनेट उघडलें.