पुंगळी काय सांगते?

वीकेंडला आटपाडीला जाताय? माळावर दगड जास्त, सावली कमी. तिथल्या एका आजोबांनी नांगरताना सापडलेली पितळी पुंगळी माझ्या हातावर ठेवली. बुडाला बाहेर आलेली कड, लांबी ५६ मिलीमीटर, म्हणजे थ्री-नॉट-थ्री. बुडावर ‘के’ आणि ‘एफ’, मधे बाण, खाली ‘४३’. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, साल १९४३. "नाना पाटलांच्या प्रतिसरकारचीच ही!" आजोबा ठाम. त्या साली प्रतिसरकार होतं, हे खरंच. पण हीच गोळी पोलीस आणि लष्करही वापरायचे. शिवाय १९४३ला बनलेली गोळी १९५०लाही झाडता येते. शिक्का जन्म सांगतो, झाडणारा नाही. म्हणून जागा, खोली, आजूबाजूला सापडलेलं सगळं लिहून ठेवा. आणि गोळी जिवंत दिसली, तर हात न लावता पोलिसांना कळवा!