हरणांचे महिने

आमच्या घरात दोन कालगणना चालत. अम्मीची चाँदची आणि अब्बांची नक्षत्रांची. मुहर्रम, सफर, रबी-उल-अव्वल हे महिने अम्मीच्या बोटांवर असत. अब्बा रोहिणी, मृग, आर्द्रा मोजत. चाँदचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमज़ान उन्हाळा, हिवाळा, पावसाळा असा फिरत साधारण ३३ वर्षांनी पुन्हा पहिल्या जागी येतो. पेरणीला असा फिरता महिना चालत नाही. त्यामुळे चौसाळ्याकडचा शेतकरी नमाजी असो की वारकरी, जून लागला की मृगाच्याच वाटेकडे डोळे लावून बसतो. मृग म्हणजे हरीण. आणि आमच्या शेतावर येणारी हरणेही अब्बांच्याच हिशेबाने येत, अम्मीच्या नव्हे.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिले ते १९९९ च्या रमज़ानमध्ये. तेव्हा रोजे डिसेंबरात आले होते आणि शेतात हरभरा होता. अब्बा राखणीला खोपीत झोपत. मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो. सहेरीला भाकरी आणि ठेचा, वर थंडगार पाणी. नमाज झाली, थोडे उजाडले, आणि हरभऱ्यात काहीतरी हलताना दिसले. आधी वाटले, शेजाऱ्यांच्या शेळ्या सुटल्या. मग एकीने मान वर केली. पाठोपाठ पंधरा-वीस माना वर आल्या. अब्बांनी गोफण उचलली, पण दगड काही फेकला नाही. नुसती हाळी दिली. सारा कळप उसळ्या घेत बांधापलीकडे गेला.

"मारा क्यों नहीं?" मी विचारले.

"अब्बी शेंडेच खाये ना. शेंडा खुडे तो हरभरा फुटता. दूसरी बार आये तो मारूंगा."

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा घाटे धरले होते. त्या वर्षी चौथाई हरभरा गेला. अब्बांनी दगड मारले, डबे वाजवले, शिव्याही दिल्या. त्यांचे हरणांवर प्रेम होते असे मी लिहिले तर ते हसतील.

आता मी उर्दू शाळेत शिकवतो. एकदा सातवीच्या वर्गात 'ग़ज़ाल' हा शब्द आला. जखमी हरणाची किंकाळी म्हणजे ग़ज़ल, असे जुने उस्ताद सांगत आले; ते मीही सांगितले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अपने तलाव पे आते वोच क्या?" मला उत्तर लगेच देता आले नाही. घरी जाऊन वाचले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले. खरा ग़ज़ाल म्हणजे चिंकारा. त्याच्या कुळाचे शास्त्रीय नावसुद्धा या अरबी शब्दावरूनच आले आहे. आपल्या तलावावर येते ते काळवीट. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात, नवी येतात. काळविटाची पिळाची शिंगे जन्मभर तीच. मादीला बहुधा शिंगे नसतातच. नर वयात येईपर्यंत मादीसारखाच तांबूस असतो, तीन वर्षांनंतर तो काळा पडत जातो. "मतलब कालेपन से रुतबा बढ़ता," असे एक पोरगे म्हणाले आणि वर्गातल्या सगळ्यात सावळ्या मुलाने कॉलर वर केली.

ज्यांनी माळ पाहिला नाही त्यांना वाटते, हरीण कुठेही भटकते. तसे नाही. पावसाळ्यात कुसळी गवत कोवळे असते तेव्हा कळप गायरानावर राहतो. समोर मोकळे दिसले पाहिजे, ही त्याची पहिली गरज. जीव वाचवायला त्याच्याकडे डोळे आणि पाय एवढेच आहे. म्हणून ज्वारी माणसाच्या उंचीची झाली की तो तिच्यात शिरत नाही. ज्वारी कोवळी असताना खातो, मग हरभऱ्यावर वळतो. रान मोकळे झाले की सरीतला पालापाचोळा वेचतो, आणि फाल्गुन-चैत्रात पाण्याच्या मागे जातो. हे फिरणे मुख्यतः माद्या-पिल्लांचे. जोडीच्या दिवसांत थोराड काळा नर आपली जागा धरून बसतो. गायरानाच्या एका उंचवट्यावर त्याच्या लेंड्यांचा ढीग असे, ढीग म्हणजे सातबाराच जणू. दुसरा नर जवळ आला की शिंगांची खडाखडी. तहान लागली की तोही तलावावर येई, पण बहुधा सगळ्यांच्या शेवटी आणि एकटा.

हा तलाव म्हणजे १९७२ च्या दुष्काळातला पाझर तलाव. माझे दादा त्याच्या बांधावर मातीच्या पाट्या टाकायला होते. दिवसभर खोदायचे, संध्याकाळी सुकडी आणि मिलोची भाकरी खायची. जिल्ह्यात त्या काळात झालेले असे कितीतरी तलाव आहेत, भुकेने खोदलेले. त्याच १९७२ साली दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. दादांना त्याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. पाणी ओसरू लागले की काठाच्या गाळात हिरवळ उगवते. लोक तिथे गाळपेर करून काकडी-टरबूज लावतात आणि हरणे त्याच ओलीवर येतात. एका काठाला शेळ्या, एका काठाला कळप, मध्ये बगळे. याला कुणी अभयारण्य म्हटलेले नाही.

अभयारण्य पाहावे म्हणून एकदा कर्जतजवळच्या रेहेकुरीला जाऊन आलो. खास काळविटांसाठी १९८० साली राखलेले, २.१७ चौरस किलोमीटरचे. काळवीट मनसोक्त पाहिले. पण त्यातही काही कळप हद्दीबाहेरच्या शेतांतच चरत होते. घरी येऊन अब्बांना सांगितले तर म्हणाले, "हिरन कू क्या मालूम सरकार का कौनसा, अपना कौनसा."

यानंतरचे लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

२०१६ चा उन्हाळा. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, लातूरला एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते. आमच्या तलावात भेगा पडल्या होत्या. त्या वर्षी पहिला रोजा आला ७ जूनला, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. अम्मीचे आणि अब्बांचे महिने असे गाठीला येणे क्वचितच. पण मृग कोरडा चालला होता. तिसऱ्या की चौथ्या रोज्याला सकाळी अब्बा शेतात गेले तर विहिरीतून धडपड ऐकू आली. तळाला गुडघाभर पाणी, त्यात एक मादी. विहिरीला कठडा नव्हता. पाण्याच्या वासाने आली असणार.

अब्बांनी दोर आणला, बाज आणली, आणि सदरा काढू लागले. तेवढ्यात शेजारचे तात्या पळत आले. त्यांचे-आमचे बांध तीन पिढ्यांचे.

"भाई, तुम्ही उतरू नका. मी उतरतो. तुम्ही वरून दोर धरा."

"क्यों? पोहता मला बी येतं."

"पोहण्याचं नाही म्हणत मी," तात्या म्हणाले आणि बांधावर जमू लागलेल्या माणसांकडे त्यांनी पाहिले. दोघातिघांनी मोबाइल काढले होते.

अब्बा गप्प झाले. त्यांनी सदरा पुन्हा घातला.

तात्या उतरले. बाजेवर बांधून मादी वर काढली. बाहेर कुठे लागलेले दिसत नव्हते, पण ती थरथरत होती, तोंडाला फेस होता. पुढे वाचनात आले की हरीण पकडले, हाताळले, की त्या धसक्यानेच त्याचे स्नायू आणि हृदय जाते. आम्ही तिच्याभोवती गर्दी करून तेच केले. दुपारपर्यंत ती मेली. पंचनाम्याला माणसे आली. ती विहिरीत पडली हे पन्नास जणांनी पाहिले होते. तरी तात्यांचा जबाब एकदा लिहिला गेला आणि अब्बांचा दोनदा. एकाने विचारले, घरात जाळे आहे का, सुरे किती आहेत. तात्या तडकले, "अहो, रोजा आहे त्यांचा. पाण्याचा थेंब नाही पोटात." तात्यांनी हे चांगल्या मनाने म्हटले. पण रोजा नसता तर, हे अब्बांच्या मनात राहिले असावे. त्या संध्याकाळी त्यांनी खजूर तोंडात टाकला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

हरीण शरीयतने हलाल आहे, हे लपवण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही एकेकाळी शिकारीचे शौकीन होते, तसे इतरांतही होते. पण इहराम बांधला की रानातली शिकार हराम, हेही त्याच शरीयतने सांगितले. मदीना शरीफच्या भोवतीच्या हद्दीत शिकार आणि झाडतोड मना झाली. नकीचे कुरण हुज़ूरांनी घोड्यांसाठी राखून ठेवले. अशा राखीव रानाला अरबीत 'हिमा' म्हणतात. हे मी वर्गात शिकवतो. पंचनाम्याच्या कागदावर लिहायला त्याला रकाना नसतो.

त्या ईदला घरात कुणाला नवे कपडे आले नाहीत. विहिरीला कठडा झाला. गवंडी तात्यांनीच पाहून दिला आणि त्यांनी स्वतःच्या विहिरीलाही बांधून घेतला.

आता सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाला आहे. गायरान त्याच्या एका अंगाला, तलाव दुसऱ्या अंगाला. जून ते जानेवारी हरणांना त्याची फारशी अडचण नसावी. खरी ओलांडण्याची वेळ येते उन्हाळ्यात, पहाटे, जेव्हा ट्रक सर्वांत वेगात असतात. अब्बा थकले आहेत, शेतापर्यंत चालवत नाही. रमज़ान मागे सरकत सरकत पुन्हा हरभऱ्याच्या दिवसांकडे निघाला आहे. २०३० साली डिसेंबरातही रोजे असतील. तोवर आपण असू का, असे ते अधूनमधून म्हणतात आणि अम्मी त्यांना दटावते.

मागच्या चैत्रात मुलीला घेऊन तलावावर गेलो होतो. गाळात हिरवळ होती. आम्ही बांधाआड बसून मोजले आणि घरी येऊन अब्बांना सांगितले.

"कित्ते थे?"

"अकरा."

"काला था?"

"नव्हता."

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो मग अजून रस्त्याच्या पलीकडंच आहे."