काटकुळा

नाशिकरोडला गच्चीवर कुरडया घालताना हेलिकॉप्टर गेलं तर आता आमच्या माना वर होत नाहीत. जवळच्या गांधीनगरला 2003 पासून लष्कराच्या वैमानिकांची शाळा आहे, आकाशात सतत कुणीतरी शिकत असतं. पाहुणे मात्र हटकून वर बघतात आणि विचारतात, ‘‘अहो, त्याच्या शेपटीचं काम अर्धवट राहिलंय का?’’

राहिलेलं नाही. तो चीता. त्याची शेपूट अशीच, पत्रा न चढवलेली, नुसत्या नळ्यांची. परांचीचा तुकडा आडवा जोडावा तशी. पुढे काचेचा फुगा, त्यात पाच माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील इतकी जागा. चाकं नाहीत, दोन लांब नळ्यांवर तो टेकतो. इंजिन पाठीवर, उघडंच. बेतलेले कपडे घालून निघायच्या ऐवजी गंजीफ्रॉकवरच बाहेर पडलेल्या माणसासारखा दिसतो.

घराणं फ्रेंच, पण मागणी आपली. हिमालयात चढेल असं हेलिकॉप्टर साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या सैन्याला हवं होतं. फ्रेंचांनी जुन्या ‘अलुएत-2’चा हलका सांगाडा घेतला, जरा मजबूत केला आणि त्याला थोरल्या भावाचं, ‘अलुएत-3’चं, इंजिन आणि पाती बसवली. हा थोरला म्हणजेच आपला चेतक. 17 मार्च 1969 ला हे कलम पहिल्यांदा उडालं. तिकडे त्याचं नाव लामा. बंगळुरूच्या एचएएलमध्ये बनू लागल्यावर तो चीता झाला. नाव काही जुळलं नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास त्याचा दम संपतो. पळणं हा त्याचा गुणच नव्हे, चढणं हा आहे. चीत्यापेक्षा घोरपड शोभली असती, पण सरकारी कागदावर घोरपड कोण लिहिणार?

चढण्याचं गुपित त्याच्या काटकसरीत आहे. इंजिन 870 अश्वशक्तीचं, पण त्याला बांधून ठेवलंय 550 वर. खाली असताना उरलेली ताकद तो वापरतच नाही. उंचावर हवा विरळ होते, बाकीच्या इंजिनांना धाप लागते. हा तेव्हा गाठीचं सोडतो. 21 जून 1972 ला ज्याँ बुले या फ्रेंच वैमानिकाने नको ते सगळं काढून टाकलेला लामा 12,442 मीटरपर्यंत नेला. एव्हरेस्टच्या कितीतरी वर. तिथल्या थंडीत इंजिन विझलं. मग बुलेने तो तसाच, बंद इंजिनावर, खालून येणाऱ्या वाऱ्याने पाती फिरवत, भिंगरीसारखा जमिनीपर्यंत उतरवला. एकाच उड्डाणात दोन विक्रम. दुसरा मात्र मागून घेतलेला नव्हता.

सैन्याच्या हेलिकॉप्टरांत कामं वाटून दिलेली असतात. एमआय-17 हमाल, चिनूक पैलवान, अपाचे आणि आपला प्रचंड हे लढवय्ये, पोस्टरवर हेच. चीता पोस्टरवर नसतो. त्याच्याकडे टेहळणी, निरोप, औषधं, रॉकेल आणि आजारी माणूस.

वयही झालंय त्याचं. अपघात झाले, तरुण वैमानिक गेले. 2015 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटून म्हणाल्या, ही जुनी हेलिकॉप्टरं आता बंद करा. त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. माझं या यंत्रावर प्रेम आहे, पण ते गच्चीवरून केलेलं प्रेम. त्यात कुणाचा नवरा बसलेला नसतो.

तरी सियाचिनला अजून तोच लागतो. 1984 पासून. पलीकडे पाकिस्ताननेही तिथे लामाच उडवला; एकाच घरातली भावंडं, मधे हिमनदी. 20 हजार फुटांच्या वरच्या चौकीवर जायचं तर आधी वजनाचा हिशेब. पोटात तेल जायला-यायला पुरेल इतकंच. सामान किती? कधी कधी फक्त एक जेरीकॅन. वीस लिटर रॉकेलसाठी एक हेलिकॉप्टर आणि ऑक्सिजनचा मुखवटा लावलेले दोन वैमानिक!

चौकीवर हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून केलेला ओटा. सगळीकडे पांढरं, त्यामुळे जमीन किती खाली आहे ते डोळ्याला कळत नाही. नजर एखाद्या रंगीत खुणेवर खिळवूनच उतरायचं. चीता नळ्या टेकवतो, पण पूर्ण भार टाकत नाही. पाती फिरत राहतात, इंजिन बंद करायचं नाही. त्या हवेत पुन्हा सुरू झालं नाही तर? भुरभुरत्या बर्फात वाकून दोन जवान येतात, जेरीकॅन ओढून घेतात. छातीत पाणी झालेला तिसरा असतो, त्याला आत ढकलतात. दार लागतं. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

आता आत एक माणूस वाढलाय, आणि सरळ वर उचलायला हवा पुरत नाही. चीता जेमतेम हातभर उठतो, ओट्याच्या काठाकडे सरकतो आणि नाक खाली घालून दरीत पडतो. पडता पडताच त्याला वेग मिळतो. ओट्यावरच्या दोघांना तो काही क्षण दिसत नाही. मग खाली, बराच लांब, पांढऱ्यावर एक काळी काडी सरकताना दिसते.