मात्रेचा अर्धा गुण

उर्दू शाळेत मराठीचं पुस्तक मुलं सुरुवातीला हमखास मागून उघडतात. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून आणि मधे अडकलेले आम्ही गुरुजी! त्यात २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, ही तीन कामं शिक्षकाला चुकत नाहीत. म्हणून मतदार यादी घेऊन मी वर्तकनगरातल्या म्हाडाच्या इमारतींचे जिने चढत होतो.

एका दारातून माझाच पाचवीतला विद्यार्थी डोकावला आणि आत ओरडला, "अम्मी, सर घर तक आ गए!"

अम्मींनी पाणी दिलं. तोवर पोराने यादीत डोकं घातलं. "सर, अम्मी का नाम गलत है. जुबेदाची जुबदा झाली!"

वर्गात मराठी वाचताना हाच अडखळतो. शुद्धलेखनात मात्रा चुकली की मी अर्धा गुण कापतो. इथं मात्र त्याच मात्रेपायी मतदान केंद्रावर एखाद्या बाईला "ही तुम्हीच का?" असं विचारलं जाऊ शकतं. दुरुस्तीसाठी तिथंच नमुना ८ भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं बाजूला ठेवली. सगळ्यांना घरातल्या माणसांची नावं मराठीत लिहायला सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बिल्ली का भी?"