परवानगी नेमकी कोणाची? भिवंडीतल्या एका कागदाचा इतिहास

१/ २१ सप्टेंबर २०२०. भिवंडीच्या धामणकर नाका परिसरातील पटेल कंपाउंडमध्ये ‘जिलानी’ ही तीन मजली इमारत पहाटेच्या आधी, रहिवासी गाढ झोपेत असताना कोसळली. ढिगारा उपसण्याचे काम पुढे काही दिवस चालले आणि मृतांची संख्या चाळिशीच्या घरात गेली. इमारत १९८४ सालची, म्हणजे अवघ्या ३६ वर्षांची. मुंबईत शंभरी ओलांडलेल्या चाळी उभ्या असताना ही इमारत पत्त्यांसारखी खाली आली. #थ्रेड #भिवंडी

२/ अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर एकच प्रश्न विचारला जातो: परवानगी कोणी दिली? भिवंडीत या प्रश्नाला गेल्या काही दशकांत एक उत्तर कधीच नव्हते. नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी आणि एमएमआरडीए असे चार दरवाजे होते. या चार दरवाजांचा इतिहास समजला, की शहर आज असे का दिसते हे बऱ्याच अंशी उलगडते.

३/ सुरुवात मुंबईतून करावी लागते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्या हेच रोगाचे माहेरघर, असा सरकारचा ग्रह झाला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा स्वतंत्र कायदा आला. स्वतःच्या जमिनीवर घर बांधतानाही मालकाने सार्वजनिक हिताचा हिशेब दिला पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे अशी कायद्यात उतरली.

४/ १९५४ च्या कायद्याने एकेका योजनेपुरते न थांबता संपूर्ण शहराच्या विकास आराखड्याची कल्पना आणली. त्यानंतर आला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. आजही सारा डोलारा त्यावरच उभा आहे. या कायद्यात ‘विकास’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. नवी भिंत उभारणे हा विकास आहेच, पण जमिनीचा किंवा इमारतीचा वापर मूलतः बदलणे हाही विकासच आहे. राहत्या घरात कारखाना आला, शेतात गोदाम आले, तर परवानगी हवी. भिवंडीच्या संदर्भात ही व्याख्या विसरून चालणार नाही.

५/ कामवारी नदीकाठचे हे गाव मुळात बंदराचे आणि व्यापाराचे. इथली नगरपालिका एकोणिसाव्या शतकातली. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी इथे हातमाग आणले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. माग आणि बिऱ्हाड एकाच छताखाली असणे ही विणकराची जुनी रीत. हातमागाच्या काळात तिचा कोणाला त्रास नव्हता. लोखंडी माग दिवसरात्र धडधडू लागला, तेव्हा त्या धक्क्यांचा भार भिंतींवर आणि जोत्यावर येऊ लागला.

६/ १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या, पण कापडाची मागणी तशीच राहिली. उत्पादनाचा ओघ भिवंडीकडे अधिकच वळला. १९८१ मध्ये लाखाच्या घरात असलेली लोकसंख्या २००१ पर्यंत सहा लाखांच्या घरात गेली. वीस वर्षांत शहर पाचपटीने फुगले. नगरपालिकेचे नगररचना खाते पाचपटीने वाढणे शक्यच नव्हते. महानगरपालिकेचा दर्जा मिळायलाही एकविसावे शतक उजाडावे लागले.

७/ कागदावर परवानगीची वाट सरळ आहे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा आणि झोन दाखला गोळा करायचा. वास्तुविशारदाकडून नकाशे काढून घ्यायचे. आरक्षण, रस्तारुंदी, चटई क्षेत्र आणि सामासिक अंतरे तपासली, की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. जोत्यापर्यंत काम आले, की जोते तपासणी. काम पुरे झाले, की भोगवटा प्रमाणपत्र.

८/ ही वाट पहिल्याच पायरीवर अडते. जमीन वाडवडिलांची असते आणि सातबाऱ्यावर भावकीतली वीस-पंचवीस नावे असतात. त्यातले कोणी हयात नसते, कोणी परगावी असते, कोणाची वारसनोंद झालेली नसते. मोजणी रखडलेली असते. जमीन आराखड्यात शाळेसाठी किंवा रस्त्यासाठी आरक्षित असेल, तर मालकाला बांधता येत नाही आणि संपादनाचा मोबदलाही वर्षानुवर्षे हाती येत नाही. मग बांधकाम थांबत नाही, कागद मात्र मागे राहतो. अशा प्रत्येक बांधकामामागे लबाडीच असते असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही.

९/ कायद्याने विलंबावर एक उतारा ठेवला होता. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण त्याच कलमात अट आहे, की प्रस्ताव आराखड्याशी आणि नियमांशी काटेकोरपणे जुळणारा हवा. व्यवहारात ‘मानीव परवानगी’ हा शब्द लक्षात राहिला आणि अट विसरली गेली. ज्याची कागदपत्रे चोख, त्याला या कलमाची गरज क्वचित पडते. ज्याची अपुरी, त्याला ते वाचवू शकत नाही.

१०/ आता शहराबाहेर. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, मानकोली ही एकेकाळची भातशेतीची गावे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात होती. माल हद्दीबाहेर साठवावा आणि लागेल तसा आत न्यावा, हे व्यापाऱ्याला परवडे. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात आणि जमीन स्वस्त. त्यामुळे भातखाचरांत गोदामे उगवली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात संपली, पण गोदामे गेली नाहीत. मोठी, एकाच जागी असलेली कोठारे आता अधिकच किफायतशीर ठरली.

११/ या गोदामांना परवानगी कोणाची? ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये गावातील बांधकामाच्या परवानगीची तरतूद होती, आणि तिचा रोख मुख्यतः गावठाणातल्या घरादारांवर होता. गावठाणाबाहेरची शेतजमीन बिनशेती करायची, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. पण ग्रामपंचायत दोन पावलांवर आणि जिल्हाधिकारी कार्यालय ठाण्यात. सरपंच-ग्रामसेवकांच्या सहीचा ना हरकत दाखला हीच परवानगी, असा समज रुजला. त्या दाखल्यावर घरच नव्हे, तर प्रचंड शेडही उभ्या राहिल्या.

१२/ २००७ मध्ये शासनाने भिवंडी परिसरातील पन्नासहून अधिक गावांसाठी एमएमआरडीएची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. यामागे नियोजनाचा विचार होता. पण प्राधिकरण आले तेव्हा बरीचशी गोदामे आधीच उभी होती. आराखडा कोऱ्या जमिनीवर काढायचा असतो. इथे तो भरलेल्या जमिनीवर काढावा लागला. जिथे हिरवा पट्टा रंगवायचा, तिथे पत्र्याची छपरे होती. ती पाडावीत तर हजारो हमालांची, चालकांची रोजी जाते. नियमित करावीत तर नियम पाळणारा मूर्ख ठरतो. हा पेच अजून सुटलेला नाही.

१३/ यात भर पडते करपावतीची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव आहे, घरपट्टी भरली आहे, वीजजोडणी आहे. मग इमारत अनधिकृत कशी? पण कर हा वापरावर लागतो, वैधतेवर नाही. महापालिका अधिनियमात तर अनधिकृत बांधकामावर शास्ती आकारण्याची तरतूद आहे. ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हेही कायद्यातच स्पष्ट आहे. सामान्य माणसाला मात्र पावती म्हणजे सरकारने दिलेली मान्यताच वाटते. आयुष्याची पुंजी घालून घर घेणारा बहुधा याच पावतीवर विसंबतो.

१४/ २९ एप्रिल २०२३. मानकोलीजवळच्या वळपाडा येथे एक इमारत कोसळली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. खाली गोदाम, वर माणसांची बिऱ्हाडे. जिलानी शहरातली, ही गावातली. कार्यालये वेगळी, हद्द वेगळी. पण माल आणि माणूस एकाच स्लॅबवर ठेवण्याची सवय दोन्हीकडे तीच, मागाच्या काळापासून चालत आलेली.

१५/ जिलानीनंतर तीनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि भिवंडीबरोबर महानगर प्रदेशातील इतर महापालिकांनाही जाब विचारला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील छोट्या घरांसाठी प्रक्रिया पुष्कळ सोपी झाली. दरवाजे चार राहिले, निदान नियमांचे पुस्तक एक झाले.

१६/ पुस्तक एक झाले, तरी कागद खोटा असू शकतो. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानगीपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. घेणाऱ्यांनी नोंदणी पाहिली होती, कर्जही काढले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या जागी मंजूर नकाशा लावण्याचे आणि पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा देण्याचे निर्देश दिले. घर घेणाऱ्याच्या बाजूने झालेली ही मोठी गोष्ट आहे, अर्थात अंमलबजावणी झाली तर.

१७/ म्हणून घर घेताना किंवा बांधताना चार प्रश्न पुरतात. ही जमीन आज कोणत्या नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत आहे? झोन दाखल्यावर तिचा वापर काय लिहिला आहे? प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक त्या कार्यालयाच्या स्वतःच्या नोंदीत सापडतो का? भोगवटा प्रमाणपत्र जितक्या मजल्यांचे आहे, तितकेच मजले समोर उभे आहेत का? विकणाऱ्याने दाखवलेली प्रत हे यांपैकी कशाचेही उत्तर नाही.

१८/ दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. नोटीस लागते, वीज-पाणी तोडण्याची भाषा होते. तरीही माणसे घर सोडत नाहीत; कारण दुसरे छप्पर नसते आणि एकदा बाहेर पडलो, तर परत येण्याचा हक्क कोणत्या कागदावर आहे, हे त्यांना कोणी लिहून देत नाही. मूळ मालकाच्या हाती परवानगीचा कागद नसेल, तर वीस वर्षांनी भाडेकरूच्या हाती पुनर्वसनाचाही कागद उरत नाही. पटेल कंपाउंडमध्ये त्या पहाटे झोपलेल्या लहान मुलांनी कोणताच अर्ज केलेला नव्हता.