विमानतळ रायगडात, वाट मांडव्याची

लिख्टेनश्टाइनला विमानतळ नाही. माझा भाचा तिथे नोकरी करतो, त्यामुळे हे ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. जेमतेम १६० चौरस किलोमीटरचा देश. एका अंगाला ऱ्हाईन नदी, दुसऱ्या अंगाला आल्प्स. धावपट्टीला जागा काढणार कुठून? बाल्झर्स गावात हेलिकॉप्टर उतरतं, बस्स. बाकी सगळ्यांनी स्वित्झर्लंडात झुरिकला उतरायचं, विमानतळाच्या पोटातल्या स्टेशनातून गाडी धरायची, झारगान्सला उतरायचं आणि तिथून बसने राजधानी वाडुझ गाठायची. अँडोराच्या नावाचा विमानतळ आहे, पण तो स्पेनच्या हद्दीत. मोनॅकोला जाणारे फ्रान्समधल्या नीसला उतरतात. परक्याच्या अंगणात उतरण्यात या देशांना कमीपणा वाटत नाही, कारण तिथून घरापर्यंतची सोय चोख आहे.

मार्चमध्ये भाचा आला तेव्हा आम्ही मुरूडला जायचं ठरवलं. तो झुरिकहून मुंबईला उतरणार होता, मी बंगळुरूहून येणार होतो. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाच आहे, तो रायगड जिल्ह्यातच आहे, मग मी तिथेच उतरावं हे ओघानं आलं. भेट अलिबागच्या एसटी स्टँडवर. "बघू, कोण आधी पोचतं," तो फोनवर म्हणाला.

मी सकाळी उतरलो. इमारत देखणी आहे, कमळाच्या पाकळ्यांसारखे तिचे खांब पाहत लोक थबकतात. मी मात्र बाहेर आल्यावर जमीन बघत होतो. इथे उलवे टेकडी होती, ती कापली. उलवे नदीचं पात्र वळवलं. चिंचपाडा, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली, तेव्हा ११६० हेक्टर मोकळे झाले. दि. बा. पाटलांचं नाव या विमानतळाला मिळावं म्हणून २०२१ साली इथल्या लोकांनी मानवी साखळी धरली. बाहेरच्याला ती नुसती नावाची हौस वाटली असेल. पण जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बां.च्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला, हे उरण-पनवेलच्या घराघरात ठाऊक आहे. ज्यांनी जमीन दिली त्यांनी नाव मागितलं, एवढीच ती गोष्ट.

तिथून रिक्षाने पनवेल आणि पनवेलहून अलिबागची एसटी. खिडकीची जागा मिळाली, म्हणून तक्रार नाही. पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्ग लागला. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चाललं आहे. ते सुरू झालं तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता दहावीला बसतील. पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या पाट्या मागे पडल्या, वडखळला गाडी नेहमीप्रमाणे तुंबली. कंडक्टरने तेवढ्यात हिशेब उरकून घेतला. माझ्या शेजारच्या बाईंनी अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून तयारच ठेवले होते. "पोयनाड एक, हाफ." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विमानातून आलाव?" बॅगेला लटकणारी पट्टी त्यांनी पाहिली होती. "आन मंग एसटीनं?"

धरमतरची खाडी ओलांडली की हवा बदलते. कार्लेखिंडीच्या आसपास रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या. कांदा काढल्यावर पात कापत नाहीत, वाळवतात, मग त्या वाळल्या पातीचीच वेणी घालतात. एका झापाखाली म्हातारी बसली होती. गाडी वळणावर मंदावली तेवढ्यात तिने डाव्या पायाच्या अंगठ्यात वेणीचं टोक धरून तीन कांदे गुंफले, वर बघितलंसुद्धा नाही. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून या कांद्याचा भाव वधारला आणि दुसऱ्या गावचे कांदेही अलिबागचे म्हणून खपू लागले. ओळखायचं कसं? मला तरी वेणी बघूनच विश्वास बसतो.

अलिबाग स्टँडवर भाचा उसाचा रस पीत उभा होता. रात्री दादरला मावशीकडे झोपला, सकाळी गेटवेला गेला, मांडव्याची बोट धरली. तासाभरात मांडवा, धक्क्यावर बस उभी, बोटीच्या तिकिटातच बसचं भाडं. "मामा, ही तर आमचीच पद्धत झाली," तो म्हणाला. "गाडीतून उतरलं की बस समोर. शिवाय तुमच्याकडे सीगल फुकट."

मुरूडच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा साळावचा पूल आणि कोर्लई. इथला किल्ला पोर्तुगीजांनी १७४० मध्ये मराठ्यांना दिला, पण पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज भाषेतून जन्मलेली बोली आजही घराघरात चालते. काशीद आलं नि गेलं, तिथल्या घोडागाड्यांबद्दल लिहावंसं काही नाही.

मुरूडला उतरल्यावर मी भाच्यासमोर माझा पत्ता टाकला. जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान ३२४ चौरस मैलांचं होतं, म्हणजे ८४० चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याच्या लिख्टेनश्टाइनच्या पाचपट! अँडोराही त्यापुढे लहान. राजधानी मुरूड, नवाबाला अकरा तोफांची सलामी आणि काठेवाडात जाफराबादचा तुकडासुद्धा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात गेलं, नाहीतर आज पासपोर्ट दाखवून आत यावं लागलं असतं. भाचा हसला. मग गावाबाहेर टेकडावरचा अहमदगंज राजवाडा दिसला, समुद्राकडे तोंड करून उभा. तो खासगी आहे, आत जाता येत नाही. भाचा फाटकाशी थांबला. "वाडुझचा किल्लाही असाच. गावाच्या डोक्यावर, राजा आत राहतो, आम्ही खालून बघायचं."

परतीला मी मांडव्याचाच मार्ग धरला, भाच्याच्या सोबतीने. रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, ग्रीसमध्ये बांधलेली, गाड्यांसकट माणसं नेणारी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात तेव्हाही ही चालते, आणि या किनाऱ्यावर त्याचं मोल काय ते जुन्यांना विचारावं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेंच्या वर माणसं गेली. अजूनही अलिबाग-पेणच्या कित्येक घरांत आषाढात समुद्राने जाणं नको म्हणतात.

कठड्याशी उभ्या खलाशाला मी विचारलं की नव्या विमानतळाला वॉटर टॅक्सीने जोडायचं म्हणतात, मग मांडव्याहून थेट तिथे जाता येईल ना? त्याने उलव्याच्या दिशेला हात केला. "जाता येईल की. भरतीला. ओहोटीला त्या खाडीत चिखल बघितलाय का? आधी गाळ काढा म्हणावं, मग टॅक्सी."

मला त्याचं पटलं. विमानतळाच्या जाहिरातीत पाणी निळं असतं, खाडीत ते दिवसातून दोनदा पाठ फिरवतं. तोवर मला हवी ती साधी गोष्ट आहे: विमानतळाच्या दारातून सुटणारी, पाटीवर 'अलिबाग-मुरूड' लिहिलेली एसटी, बोटीसारखी एकाच तिकिटावर.

भाऊच्या धक्क्यावरून भाचा सहारच्या विमानतळाकडे गेला. मी नवी मुंबईच्या विमानतळासाठी टॅक्सी केली. शिवडीहून अटल सेतूवर चढलो, २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला बहुतेक समुद्रावर, आणि समोर पुन्हा रायगड. टॅक्सीवाला कुठून आलो ते विचारत होता. सांगितलं तर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "अलिबागहून बोटीनं मुंबई, मुंबईहून पुलावरनं परत रायगड? काका, टोल भरून आपल्याच जिल्ह्यात शिरणारं गिऱ्हाईक मला आज मिळालं."